मोसंबीच्या डोळ्यासाठी धार

सुरीला धार लावायला पैसा लागत नाही, दम लागतो. तोच माझ्याकडे कधी नव्हता. हल्ली सुरी बोथट झाली की घरात नवी येते. बोलले तरी ऐकतंय कोण! पण धार लावायला मी शिकले ती भाजीपायी नव्हे. बहात्तरच्या दुष्काळात, अंबड तालुक्यातल्या आमच्या शेतावर, एका म्हातारीनं पोटभर पाणी प्यावं म्हणून शिकले.

म्हातारी म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. घरात आम्ही दोघीच होतो. माझा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा, त्याआधीच तापानं गेला होता. त्यानं स्वतः कलम केलेलं मोसंबीचं एक झाड विहिरीजवळ उभं होतं. विहीर आटली. गावच्या विहिरीवर रांग लावून घरटी दोन घागरी मिळत, आणि आत्याबाई आपल्या वाट्याचं पाणी चोरून त्या झाडाला घालत. ओठ फुटले, एकदा अंगणात चक्कर येऊन पडल्या, तरी घालत. मी ओरडले तर म्हणाल्या, “लेकरू तहानेलं ठिवून मी कशी पिऊ?”

लेकरू म्हणजे झाड. मला संताप यायचा, आणि संतापापेक्षा भीती मोठी होती. सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाताना रोज वाटायचं, संध्याकाळी ही बाई मला जिवंत दिसणार का? जगात मला दुसरं कुणी नव्हतं.

झाड वाचणार नाही हे मला कळत होतं. एका अंगाची फांदी तेवढी हिरवी राहिली होती. नवऱ्याला कलमं करताना मी पाहिलं होतं. जंबेरी या रानटी लिंबाच्या रोपाला चीर द्यायची, साल उचलायची, मोसंबीच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या देठाशी असलेला बारीक कोंब, सालीसकट अलगद काढून त्या चिरेत बसवायचा आणि बांधून टाकायचं. जंबेरीची त्याची चार रोपं तेलाच्या डब्यांत, भांडी धुतलेल्या पाण्यावर कशीबशी तगली होती. डोळा लागला असता तर तेच झाड डब्यात नव्यानं वाढलं असतं, आणि डब्याला पाणी लागून लागणार किती, ओंजळभर! म्हातारीच्या वाट्याचं म्हातारीला उरलं असतं.

त्याचा कलमाचा चाकू कोनाड्यात होता. तो काढला आणि मी कपाळावर हात मारला. दर खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. आत्याबाई हा चाकू दुधापाण्यानं धूत, हळदकुंकू वाहत आणि ओलाच कोनाड्यात ठेवत. देवाचं कुंकू पुसायचं नसतं ना! त्या ओल्या कुंकवाखाली गंजानं पातं दातरं करून टाकलं होतं. भक्ती झाली, चाकू गेला.

आधी मी दाढीचं ब्लेड वापरून पाहिलं. ते सालीत शिरलं की वाकायचं. एक डोळा फाटला, दुसरा चेंगरून काळा पडला. फांदीवर धड डोळे आधीच मोजके, त्यातले दोन मी मारले. मग ठरवलं, चाकूलाच धार लावायची.

चिंचेचा कोळ आणि राख घेऊन गंज घासला. मग धुण्याच्या दगडावर पातं रगडलं, सगळा राग काढत, खसाखस. झालं काय, तर धार सोडाच, करवत झाली. पी हळद अन् हो गोरी असं धारेचं नसतं. हे मला नीट माहीत होतं आणि तरी मी रगडत राहिले, कारण फांदीची पानं मुडपायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलेच नाही. लोणच्याची रिकामी बरणी उपडी घातली. चिनी मातीच्या बरणीला बुडाच्या कडेवर झिलई नसते, तिथं ती बारीक खरखरीत असते. पाण्याऐवजी थेंबभर गोडं तेल लावलं, पातं जवळजवळ झोपवलं, आणि हलक्या हातानं एकदा ह्या अंगानं, एकदा त्या अंगानं ओढत बसले. खडी फोडून तळहात सोलले होते. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. तळहाताला फडकं गुंडाळून ओढत राहिले.

आत्याबाई उंबऱ्यावर बसून बघत होत्या. “त्याचं हत्यार झिजवून राह्यली तू,” त्या म्हणाल्या. “मंग त्याचं काय उरंल?”

“तुम्ही तरी उराल!” मी खेकसले. त्यांनी तोंड फिरवलं. मी रडत होते, पण हात थांबवला नाही.

दुपारी विहिरीवरच्या मोटेचं सुकलेलं चामडं कापून आणलं. चामड्यावर पातं मागे ओढायचं, धार पुढे ठेवली की ती चामड्यातच रुतते. ओढता ओढता मनगटावर लावून पाहायची. ऊन उतरता उतरता लव साफ उतरली.

चारही रोपांना डोळे भरले. जुन्या धोतराच्या चिंध्या मेणात भिजवून बांधल्या. आता हाती काहीच उरलं नाही, आणि ते सगळ्यात वाईट होतं. पंधरवड्यात मोठं झाड वाळून कोळ झालं. आत्याबाईंनी अंथरूण धरलं. पाणी दिलं की एखादा घोट घ्यायच्या आणि तांब्या सारून द्यायच्या. “आता न्हाई लागत मला,” म्हणायच्या. मी हात जोडले, शिव्या दिल्या, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. काही उपयोग झाला नाही.

डोळा काढताना पानाचा देठ त्याला ठेवतात. पुढे बोट लावल्याबरोबर देठ गळाला तर डोळा जिवंत. वाळून चिकटून बसला तर मेला. महिन्यानं मी चारही डबे त्यांच्या अंथरुणाशी ओढून आणले. पहिल्याला बोट लावलं, देठ चिकटलेला. दुसरा चिकटलेला. तिसराही. चौथ्याला बोट लावायचं मला धाडस होईना. आत्याबाईंनी पडल्या पडल्या हात लांबवला आणि लावलं.

देठ टपकन खाली पडला.

“गळालं गं!” त्या ओरडल्या. मुलगा गेला तेव्हाही न रडलेली ती बाई मोठ्यानं रडायला लागली. मी म्हटलं, “आत्याबाई, गळालं म्हणजे जगलं.”

“बिलकुल खरं?”

“तुमच्या लेकाची शप्पथ.”

डोळ्याच्या त्या बारक्या हिरव्या ठिपक्यावर त्यांनी अलगद बोट ठेवलं. मग उठून बसल्या आणि म्हणाल्या, “पाणी दे.” मी तांब्या दिला. दोन घोट घेतले आणि सवयीनं तो डब्यावर वाकवायला लागल्या. मी मनगट धरलं. “हे तुमचं. त्याचं मी बघते.” त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि शेवटचा घोट संपेपर्यंत खाली ठेवला नाही.