दोष पिठाचा निघू दे

माझ्या साळ्याइतकं मोठ्यानं प्रेम करणारा माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. मोठ्यानं म्हणजे आवाजानं. कारंज्याला त्याची पिठाची चक्की होती. तीस वर्षं त्या घरघराटात ओरडून ओरडून हळू बोलणं तो विसरूनच गेला होता. मयतीला गेला तरी ओरडून समजूत घालायचा. रडणारी बाई दचकून रडायची थांबे. लग्नात नवरीच्या बापाच्या कानाशी काही गुपित सांगायला वाकला, की पंगतीच्या त्या टोकाचा माणूस मान हलवायचा. पीठ चिमटीत धरलं की घर ओळखायचा. "हे मास्तरच्या घरचं. खडे निवडले नाईत. सुनेचं ध्यान नाई घरात." मास्तरची सून तिथंच डबा घेऊन उभी असायची. मी चौथी शिकलेला, जिनात कापसाच्या गाठी उचलणारा माणूस. माझंही तोंड फटकळ आहे म्हणतात, पण त्याच्यापुढं मी मुका.

त्याची एकुलती धाकटी बहीण म्हणजे माझी बायको. आमच्याकडे रोजची जवारीची भाकर. गव्हाची पोळी सणाला, नाहीतर दुखणेकऱ्याला. हे त्याला खपत नसे. "चक्कीवाल्याची बहीण जवारी खाते? लोकं काय म्हंतील मले?" दर शनिवारी सायकलवर बन्सी गव्हाचं पीठ बांधून सात मैल यायचा आणि तिच्या हातची पोळी तिनंच खाल्लेली बघून मग जायचा. माहेरचं म्हणून तीही खायची.

आणीबाणी उठून एकदोन वर्षं झाली असतील, तेव्हा तिची तब्येत उतरायला लागली. दिवसातून आठदहा वेळा परसाकडे जावं लागे. पोट फुगलेलं आणि हातपाय काड्या. अंगणातून विहिरीपर्यंत गेली तर वाटेत दोनदा बसायची. वैद्य झाला, तालुक्याचा डॉक्टर झाला. ती जितकी वाळे तितकं साळ्याचं पीठ वाढे. "शिरा खाय बाई, दलिया खाय, ताकद येईन." आम्हाला सगळ्यांनाच ते बरोबर वाटायचं. आजाऱ्याला भाकर कोण देतो?

शेवटी वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बारीक नळीला बांधलेली एक गोळी गिळायला लावली आणि दोनतीन तासांनी ती ओढून काढली. गोळीत आतड्याचा तुकडा आला होता, तांदळाच्या कणीएवढा. तो तपासायला मुंबईला जाणार होता आणि उत्तर यायला तीन आठवडे लागणार होते. बाईंनी मला आणि साळ्याला बाजूला बोलावलं.

"दोन शक्यता आहेत," त्या म्हणाल्या. "एक, आतड्याचा कॅन्सर. तो निघाला तर आमच्या हातात फारसं काही नाही. दुसरी, काही माणसांना गहू सोसत नाही, आतडं आतून झिजत जातं. तसं असेल तर गहू बंद केला की माणूस उभा राहतो. उत्तर येईपर्यंत गव्हाचा कणही पोटात जायला नको."

"गहू?" साळा ओरडला. सगळा वॉर्ड खाटांवर उठून बसला. "गव्हानं कोनी मरते का, डॉक्टरीनबाई? अर्धा तालुका माह्या चक्कीचं पीठ खाते!"

"मी तुमच्या चक्कीचं काही बोलत नाही."

"मंग कोनाच्या बोलून राह्यल्या? माहंच तं पीठ खाते ते!"

एवढं बोलला आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. वर्धा ते कारंजा एसटीत तो एक शब्द बोलला नाही. कंडक्टरनं दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी दारात एक माणूस उभा. डोकं तासलेलं, मिशी नाही, भुवयासुद्धा नाहीत. मी ओळखलाच नाही. "पीठ बसते न केसात," तो म्हणाला. "कन बी नको म्हने." आता आमच्याकडे मिशी कधी काढतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. सात मैलांच्या वाटेवर जो भेटला त्यानं विचारलं, कोण गेलं? आणि यानं सायकल न थांबवता सगळ्यांना ओरडून सांगितलं, "बाईसाठी केलं!" दुपारी चार बाया गळा काढत आमच्या अंगणात आल्या. बायको ओट्यावर जवारी निवडत बसलेली. तिनं विचारलं, "कोन गेलं वो?" पुढची बाई मटकन खालीच बसली. बायको हसून हसून बेजार झाली. मग भावाकडे वळून म्हणाली, "दादा, जराक थांबला असता, तं मले तरी पाहा लागलं नसतं." मला हसू आलं नाही. मी गोठ्याकडे निघून गेलो.

आपल्या चक्कीच्या दगडांवर त्याचा भरवसा उरला नाही. आमच्या घरी जातं मांडून तो स्वतः जवारी दळायला बसायचा. शेजारणी कुंपणाशी येऊन हसायच्या, तो म्हणायचा, "हसा, पन खोकलू नोका इकडं तोंड करून." पोती मोजायचा मोठा काटा त्यानं धुऊनपुसून बैलगाडीत घालून आणला आणि रोज सकाळी तिला मांडी घालून त्यावर बसवू लागला. पहिल्या दिवशी चौतीस किलो. आठवड्यानं चौतीसच. पंधराव्या दिवशी साडेतेहतीस. त्या दिवशी घरात कोणी धड जेवलं नाही. गहू बंद करूनही वजन कमी होतं, म्हणजे दोष गव्हाचा नाही, हे मला न शिकताही कळत होतं. आणि दुसऱ्या दिवशी एकदम पस्तीस! बायकोचा चेहरा उजळला. माझी नजर खाली गेली, तर साळ्याचा अंगठा मागून काट्यावर दाबलेला. तीस वर्षांत ज्यानं गिऱ्हाइकाचं चिमूटभर पीठ इकडचं तिकडं केलं नाही, तो माणूस. मी त्याला घरामागं नेलं.

"भाऊ, कोनाले फसवून राह्यले?"

"मले," तो म्हणाला. "मलेच फसवून राह्यलो, जवाईबापू."

उत्तर यायच्या दिवशी आम्ही तिघं वर्ध्याला गेलो. दवाखान्याच्या वाटेवर मारोतीचं देऊळ लागतं. "तुमी भाईरच थांबा," तो म्हणाला, "मले देवासंग खाजगी बोलायचं हाय." बायको पुढं पारावर जाऊन बसली. मी, फुलवाली आणि दोन रिक्षावाले बाहेर उभे होतो. आम्ही सगळं ऐकलं.

"मारोतीबाप्पा, तो कॅन्सर नको! माह्या पिठाचाच दोष निघू दे! म्याच मारून राह्यलो तिले, असंच निघू दे! मंग मले काय करायचं ते कर!"

फुलवालीनं माझ्याकडे पाहिलं. मी चपला शोधायला लागलो, त्या माझ्या पायातच होत्या.

डॉक्टरीणबाईंनी पाकीट फाडलं, कागद वाचला, उलटून परत वाचला. मग त्या म्हणाल्या, "गहूच आहे. कॅन्सर नाही."

साळा उठला आणि धावत बाहेर गेला. "म्या केलं! माह्याच हातानं झालं सारं!" दिसेल त्याला धरून तो सांगत सुटला, रडत होता आणि हसत होता. दवाखान्याच्या चौकीदारानं त्याचं मनगट धरलं, "काय केलं बे तू?" ते सोडवायला मला जावं लागलं. परत आलो तर बायको बाकावर डोळे मिटून बसली होती. मी जवळ बसलो तसं हळूच म्हणाली, "लय भूक लागली वो."

त्यानंतर ती दहा वर्षं जवारीच्या भाकरीवर जगली, चांगली धडधाकट जगली. मागच्या साली एका सकाळी चहा ठेवता ठेवता बसली आणि गेली. तेराव्यानंतर साळा माझ्याजवळ येऊन बसला.

"जवाईबापू, या टायमाले कायचं होतं?"

"वयाचं, भाऊ."

"ते बंद करता येत नसन न?"

"नाई."

अजूनही आठपंधरा दिवसांनी येतो आणि हेच विचारतो. मी तेच सांगतो. फार दिवस आला नाही, तर मीच एसटीनं कारंज्याला जातो.