विंगेतला आवाज

आमच्या शाळेच्या संगीत नाटकांत सगळ्यात मोठी भूमिका ज्यानं केली, तो रंगमंचावर एकदाही आला नाही. औरंगाबादच्या आमच्या शाळेत दर हिवाळ्यात आठवी, नववी, दहावी अशी वर्गावर्गांत नाटकांची चुरस लागे. लिहिणं, चाली लावणं, पडदा ओढणं, सगळं मुलांनीच करायचं. गुरुजींनी फक्त खुर्चीत बसून मार्क द्यायचे. आमच्या वर्गाचा प्रॉम्प्टर फुलंब्रीहून एसटीनं यायचा. त्याचा आवाज असा, की त्यानं विंगेतून वाक्य पुरवलं की मागच्या बाकांवरचे लोक आधी त्यालाच टाळ्या देत, मग नटाला. गाणीसुद्धा तो पुरवायचा, तीही हरकतींसकट आणि साफ बेसूर. आठवीत आमचा राजा मरून पडला, तर हा विंगेतून ओरडला, "डोळे मीट की बे! मेलास ना तू?" राजानं मुकाट्यानं डोळे मिटले.

दहावीत त्यानं पहिल्या नंबराला मिळणाऱ्या ढालीचा ध्यासच घेतला. पुढं तो शिकणार नव्हता, घरची शेती बघणार होता. महिनाभर त्यानं कुणाला चिंच खाऊ दिली नाही. रोज सकाळी सगळ्यांच्या जिभा तपासायचा. "गळा गेला तं ढाल गेली," म्हणायचा. आणि तालमीत ओरडून ओरडून ऐन स्पर्धेच्या दिवशी त्याचाच आवाज बसला.

तो विंगेत नुसता हातवारे करत उभा, आणि नाटक मात्र झकास चाललेलं. त्याचंच ऐकून ऐकून सगळ्यांचं सगळं तोंडपाठ झालं होतं. मी पेटीवर होतो. मला त्याचा चेहरा दिसत होता. आज आपली कुणालाच गरज नाही, हे त्याला हळूहळू कळत होतं. मला फार वाईट वाटलं. शेवटच्या पदात नायिका अंतऱ्याशी थांबली. झोपेतही म्हणेल असं पद! तिनं विंगेकडं पाहिलं. मी सूर धरून बसलो. त्यानं जीव तोडून ओठ हलवले. आवाज फुटला नाही, पण तिनं मान हलवली आणि पुढची ओळ उचलली.

त्या थांबण्याचे मार्क गेले आणि ढाल नववीला गेली. सगळे तिच्यावर चिडले. तो मात्र बसक्या आवाजात, खुशीत म्हणाला, "बघा, मी नसतो तं? लई इसरभोळी हाय ही."

"खरंय रे," ती म्हणाली, "तू होतास म्हणून निभावलं."

आता नाटकाला गेलो की माझं लक्ष विंगेकडंच जातं. नट सगळं चोख पाठ करून येतात, आतून कुणी ओरडत नाही. मला करमत नाही.