माझ्या वाटचा दंडवत

आर्वीच्या बाजारात भाजी विकणारे आमचे शेजारी प्रत्येक बोलण्याचा आरंभ ‘काऊन गुरुजी’, म्हणजे ‘का हो गुरुजी’, असा करतात. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वाकण्यास मनाई असूनही मी देवापुढे दंडवत घालीतच राहिलो. डोळ्यात रक्त उतरले, दृष्टी धूसर झाली. “पुन्हा वाकलात तर डोळा गमवाल,” असे डॉक्टरांनी बजावले. मला मात्र दंडवतावाचून पूजा अपुरी वाटे.

दुसऱ्या सकाळी शेजारी टोमॅटोचे धुतलेले क्रेट घेऊन आले.

“काऊन गुरुजी, देवाले डोळा वाहाचा हाये का?”

क्रेट एकावर एक रचून त्यांनी देव माझ्या छातीच्या उंचीवर बसविले आणि स्वतः जमिनीवर आडवे झाले.

“हा दंडवत तुमचा. कोनाचा हाये, थे देवाले तुम्हीच सांगजा!”

डोळा आता निवळला आहे. दंडवत अजून शेजारीच घालतात. मी उभ्यानेच देवाला दोघांची नावे सांगतो.