ऑरव्हलची अकरा भांडी

ऑरव्हल ट्वेटनं एकतीस वर्षं आमच्या भागात टपाल वाटलं. कुणाच्या पत्रपेटीचं झाकण गंजलंय, कुणाचा कुत्रा अंगावर येतो, कुणाच्या मुलाचं पत्र सैन्यातून येतं, सगळं त्याला तोंडपाठ. मिनेसोटातली आमची घरं एकमेकांपासून मैल-मैल लांब, तरी त्याचं एक पत्र कधी चुकलं नाही. घरांच्या आतलं मात्र त्याच्या बायकोचं, व्हर्नाचं खातं. कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑपरेशन, कुणाकडे मयत, असं काही कानावर आलं की ती ओव्हन पेटवायची आणि भरलेलं भांडं टॉवेलात गुंडाळून पोचतं करायची.

मार्चमधल्या एका रविवारी चर्चमधून आल्यावर "जरा पडते" म्हणाली, ती उठलीच नाही.

आमच्याकडे दुःखाच्या घरी कुणी फार बोलत नाही, भांडं पुढे करतात. कीमा, मशरूमचं दाट सूप आणि वर बटाट्याचे गोळे रचून भाजलेली हॉटडिश, ही चार घरांतून आली. चिकन-नूडल आलं, हॅम आलं, किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली आली. मी समोरच राहते. मीही एक ठेवून आले. निघताना प्रत्येक जण म्हणायचा, "भांड्याची काही घाई नाही हं."

तीन आठवड्यांनी ऑरव्हलला फिनिक्सहून मुलीचा फोन आला. "बाबा, लोकांची भांडी परत केलीत ना?"

"घाई नाही म्हणालेत सगळे."

"अहो, ते तसं म्हणायचं असतं!"

"मग जे मनात नाही ते म्हणतात कशाला?"

ऑरव्हलनं अकराच्या अकरा भांडी डिशवॉशरमध्ये लावली, साबण जरा जास्तच घातला आणि दोनदा धुतली. मग माझ्या दारात येऊन तळहात पुढे केला. त्यावर चिकटपट्टीचे ओले तुकडे होते. प्रत्येक भांड्याच्या बुडाला मालकिणीचं नाव असतं, ती नावं सुटून आली होती.

"तुझं कुठलं?"

"चौकोनी काचेचं."

"चौकोनी काचेची सात आहेत."

मी माझं ओळखून ठेवून घेतलं. बाकीची त्यानं गाडीत घातली आणि जुन्या टपालाच्या रस्त्यानं निघाला. पहिलं घर लॉर्ना हेगस्टॅडचं. तिनं भांडं उलटंपालटं करून पाहिलं.

"माझं नव्हे रे. मेविसचं असेल. आणि हे काय, रिकामंच घेऊन निघालास?"

"रिकामं न्यायचं नसतं?"

"चाळीस वर्षं संसार केलास ना रे व्हर्नाबरोबर?"

तो कानापर्यंत लाल झाला. पेट्रोलपंपावर जाऊन त्यानं सहा डोनट घेतले. गल्ल्यावरच्या मुलीनं सवयीनं विचारलं, "कसे आहात?" आणि ऑरव्हलनं खरंच सांगितलं. बायको गेली, जेवणाला चव नाही, घरातल्या घरात काय करायला उठलो तेच विसरतो. बिचारी पिशवी हातात धरून उभीच राहिली. मागे चार माणसं खोळंबली. बाहेर आल्यावर त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. काय, ते कळेना.

मेविस ओपडालनं डोनट घेतले, पण भांडं तिचंही नव्हतं. "तरी असा कसा जाशील?" म्हणत तिनं त्याच भांड्यात लिंबाच्या वड्या भरून दिल्या. तो पुन्हा माझ्या दारात.

"माझ्यावरचं देणं आता चढलं की उतरलं?"

"चढलं बहुतेक," मी म्हटलं.

"आणि भांडं ज्या बाईचं आहे तिचं काय?"

मला हसू आवरेना, पण तो हसत नव्हता. पायरीवर बसून तो टोपी फिरवत राहिला. "पत्रावर पत्ता असतो गं," तो म्हणाला. "व्हर्नाला हे सगळं पत्त्यावाचून कसं कळायचं?"

शेवटी पाद्रीबाईंनी तोड काढली. ईस्टरच्या आधीचे बुधवार म्हणजे आमच्याकडे चर्चच्या तळघरात सगळ्यांचं सूप-पावाचं जेवण. "तिथल्या टेबलावर मांडून ठेवा, ऑरव्हल. ज्याचं तो उचलेल."

त्यानं मांडली. पाच मिनिटांत टेबल जवळजवळ रिकामं झालं. एकीनं कडेचा टवका पाहून उचललं, दुसरीनं बुडाचा करपलेला डाग पाहून. ऑरव्हल आ वासून बघत होता.

एक निळं, जड, मातीचं भांडं मात्र तसंच राहिलं.

"हे कुणाचं?" त्यानं विचारलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग लॉर्ना जवळ आली.

"ऑरव्हल, अरे ते तुमचंच आहे. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी व्हर्ना घेऊन आली होती. परत करायचं राहिलं, म्हणून मी त्यातच तुला हॉटडिश आणली."

"आमचं?"

"दर रविवारी त्यातलंच तर जेवायचास."

त्यानं भांडं हातात घेतलं, आत पाहिलं, खाली पाहिलं. काही ओळख पटेना. "मी भांड्याकडे कधी बघितलंच नाही," तो म्हणाला. मेविसनं त्याच्यापुढे सूप ठेवलं. ते गार झालं तरी भांडं त्याच्या मांडीवरच होतं.

मे महिन्यात रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या तरुण जोडप्याला मुलगी झाली. ऑरव्हल तीनदा विचारायला आला: कीमा आधी परतायचा की नाही, ओव्हन किती तापवायचा, डब्यातल्या सूपमध्ये पाणी घालायचं का. बटाट्याचे गोळे एका बाजूनं काळे झाले. तरी निळं भांडं टॉवेलात गुंडाळून तो गेला.

परतला तो थेट माझ्या अंगणात. शर्टाच्या खांद्यावर दुधाचा डाग.

"तिनं बाळ माझ्याकडे दिलं आणि झोपायला गेली," तो म्हणाला. "मी दोन तास बसलो. एवढं बसायचं असतं का?"

"बाळ रडलं?"

"नाही."

"मग झालं तर."

"पण किती वेळ बसायचं असतं?"

मी त्याला आत बोलावलं आणि कॉफी ठेवली.