खात्रीचे चार थेंब

फुलसावंगीकडच्या एका साखर कारखान्याच्या मागच्या अंगाला इथेनॉलचा प्लांट आहे. त्या प्लांटच्या प्रयोगशाळेत नागोराव भवरे एकवीस हंगाम एकाच खिडकीशी उभे राहत आलेत. पद म्हणाल तर लॅब अटेंडंट, शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. पण गावात त्यांना अटेंडंट कोण म्हणतो? गावात ते ‘मळीचे डॉक्टर’. टँकरचा ड्रायव्हर नमुन्याची बाटली पुढे करून विचारायचा, “काय डॉक्टर, पेशंट कसा हाय?” नागोराव बाटली उजेडाला धरायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि म्हणायचे, “ठणठणीत हाय. टनाला दोनशे चाळीस देते, लिहून घे.”

लिहून घ्यावं असंच ते असायचं. उसातून साखर काढून झाली की मागं काळी, घट्ट मळी उरते. त्या मळीत खमीर सोडायचं, खमिरानं उरलीसुरली साखर खायची आणि तिचं इथेनॉल करायचं, असा तो सगळा मामला. पण कुठल्या मळीतून किती लिटर निघेल हे दोन दिवस आधी सांगावं लागतं, नाहीतर पुढची सगळी टाक्यांची गणितं कोसळतात. ते सांगायचं काम नागोरावांचं. ते सांगायचे दोनशे चाळीस, तिसऱ्या दिवशी मीटरवर यायचे दोनशे एकोणचाळीस. एखाद्या लिटरनं चुकलं तरी बाप्या दुपारचा डबा अर्धा टाकून द्यायचा. असा ताठा.

आता हे मोजतात कसं ते ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. काचेच्या चंबूत निळं औषध उकळत ठेवायचं. वरच्या काचेच्या नळीत, म्हणजे ब्युरेटमध्ये, मळीचं पातळ पाणी भरायचं आणि ते थेंबथेंब खाली सोडायचं. साखर निळ्याला मारते. निळं पुरतं मेलं आणि विटेसारखा तांबडा रंग उरला की त्याच थेंबाला तोटी बंद. थोड्या थेंबांत निळं मेलं तर मळीत साखर बख्खळ. जास्त थेंब लागले तर साखर कमी. सगळा खेळ त्या शेवटच्या थेंबाचा, म्हणजेच डोळ्यांचा.

चार वर्षांपूर्वी वर्षा राठोड केमिस्ट म्हणून लागली, तेव्हा तिला हा शेवटचा थेंब नागोरावांनीच दाखवला. पोरगी जवळच्याच तांड्यावरची. तिची याडी, म्हणजे आई, सुखीबाई अर्धं आयुष्य ऊस तोडत फिरली आणि मुलीनं अमरावतीला जाऊन एम.एस्सी. केलं. डिग्री भारी, पण हात कच्चा. पहिल्या आठवड्यात वर्षा घाईनं तोटी बंद करायची आणि नागोराव ओरडायचे, “निळं जित्तं हाय अजून! दिसत नाही तुले? कोपऱ्यात पाय, कोपऱ्यात!” पुस्तकात नसलेली एक गोष्टही त्यांनीच सांगितली. “खमीर कधी शंभर टक्के देत नसते, बाई. नव्वद, लय झालं तं एक्क्याण्णव. थे बी जीव हाय. आधी सोताच्या पोटाले खाते, मंग आपल्याले देते.” वर्षा तेव्हा हसली होती, पण ते वाक्य तिनं वहीत उतरवलं होतं.

आणि यंदाच्या दिवाळीपासून नागोरावांना निळं दिसेनासं झालं.

एकदम नाही. आधी खिडकीवर धूळ बसल्यासारखं वाटायचं. त्यांनी खिडकी पुसली, मग चंबू पुसला, मग चष्मा पुसला. घरी इंदूबाईंच्या ध्यानात आलं तेव्हा ते उपम्यातली मोहरी खडा समजून निवडत बसले होते. इंदूबाईंनी ताट ओढून घेतलं.

“मोतीबिंदू होय हा. माह्या मायले असाच झालता. यवतमाळले चाला, दोन दिसाचं काम हाय.”

“हंगाम होऊ दे.”

“अन् तोवर काय करता? चाचपडता?”

“तुले काय कराचं हाय? मले माह्यं काम दिसते.”

इंदूबाई कसल्या ऐकतात! “दिसते म्हणे! काल बनियन उलटी घालून गेलते कारखान्यात.” नागोरावांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. मनात एकच भीती होती आणि ती बायकोला सांगण्यासारखीही नव्हती. डोळ्यांसाठी सुट्टी टाकली की सगळ्यांना कळणार. कळलं की पहिला प्रश्न येणार, डॉक्टर, कवापासून दिसत नाही? आणि मग कोणीही उठून म्हणणार, म्हाताऱ्याचे आधीचे आकडे तरी कशावरून खरे? जमीन नाही, डिग्री नाही, स्टेजवर कधी नाव नाही. एकवीस हंगामांचे ते आकडे एवढीच त्या माणसाची कमाई, आणि तीच कोणी खोटी म्हटली तर मागं उरतं काय?

म्हणून त्यांनी एक तोड काढली, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. निळं मेलं असं वाटलं की तोटी बंद न करता आणखी चार थेंब सोडायचे. खात्रीसाठी. निळं जित्तं राहू नये म्हणून. लबाड माणसानं ही चूक केलीच नसती. ती काळजीवाल्या माणसाचीच चूक. चाराचे आठ झाले, आठाचे वीस, विसाचे तीस. आता थेंब जास्त म्हणजे साखर कमी, हे तुम्हांला वर सांगितलंच. नागोरावांचा अंदाज दोनशे पस्तीसवर आला, मग दोनशे सव्वीसवर. मळी मात्र होती तीच. मीटरवर आपले रोजच्यासारखे दोनशे चाळीस यायचे.

प्लांटचे मॅनेजर इंद्रजित साहेब कोल्हापूरकडचे. माणूस वाईट नाही, पण उत्साहाचा भारी. साखर एवढीशी आणि इथेनॉल एवढं, हे बघून ते हरखूनच गेले. कागदावर खमिराचं काम नव्वदावरून त्र्याण्णव टक्क्यांवर गेलं आणि जानेवारीत शहाण्णववर. नोव्हेंबरात नवीन खमीर आणलं होतं, त्याचाच हा प्रताप असं साहेबांनी ठरवून टाकलं. “अहो, एवढं तर आमच्याकडंसुद्धा निघत नाही!” त्यांनी वरच्या ऑफिसला फोन केला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर प्रयोगशाळेचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, आणि नागोरावांनी दोन शब्द बोलायचे. पुढच्या वर्षी बाकीच्या सगळ्या प्लांटांतही हेच खमीर घ्यायचं, तसं पत्रही तयार होतं.

शहाण्णव ऐकलं आणि नागोरावांनी हातातला चंबू खाली ठेवला. साहेबाला कळलं नसेल, पण त्यांना कळलं. शहाण्णव खमीर देऊच शकत नाही. खमिरानं उपाशी राहून दिलं असतं तरी नाही. मग हे वरचे सहा टक्के आले कुठून? ते आपल्या हातातून गळालेत. त्या रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही या ओळीपाशी, त्यांचा आवाजच फुटेना. शेजारी बसलेल्या उकंडा नावाच्या सोबत्यानं कोपरानं ढोसलं, “काय झालं, नागोराव? घसा धरला काय?” “हो, थंडी हाय,” नागोराव म्हणाले. म्हणजे बघा, तिथंही खोटंच.

वर्षाला काय दिसत नव्हतं? तिनं त्याच आठवड्यात, नागोराव जेवायला गेले असताना, राखून ठेवलेल्या नमुन्यांतली एक बाटली काढून पुन्हा मोजली. त्यांनी लिहिलेलं साडेपंचवीस मिली. तिला लागलं चोवीस. दुसरी बाटली काढली, तिसरी काढली. सगळीकडं तेवढंच जास्त. चूक इतकी नेमानं होत होती की तिला एका क्षणात सगळं उमगलं, आणि पोरीला रडूच आलं. तिनं डोळे पुसले, बाटल्या जागेवर ठेवल्या आणि कोणाला अवाक्षर सांगितलं नाही. सांगायचं तर आधी काकांनाच, आणि तेही कोणी नसताना.

चोवीस तारखेच्या सकाळी ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. “काका, माहा शेवटचा थेंब हुकून राह्यला. पुन्हा एकदा शिकवान काय?”

नागोरावांना बरं वाटलं. त्यांनी बर्नर पेटवला, ब्युरेट भरली, हात नेहमीसारखाच स्थिर. थेंब पडू लागले. चंबू उकळत होता. वर्षाची नजर चंबूवर होती, नागोरावांचीही.

“पाय बरं,” ते म्हणाले, “आता मराले आलं.”

ती गप्प.

“थोडंसं हाय अजून. कोपऱ्यात हाय.”

ती गप्पच. थेंब पडत राहिले. त्या गप्प बसण्यात काहीतरी होतं. चार वर्षांत ही पोरगी कधी एवढी गप्प बसली नव्हती. नागोरावांचा हात तोटीवरच थांबला. त्यांनी तोटी बंद केली आणि तिच्याकडं न बघता विचारलं, “कवा मेलं?”

“काका...”

“सांग म्हणतो ना. कवा मेलं?”

“दीड मिली झालं,” वर्षा म्हणाली. “तीसेक थेंब.”

नागोरावांनी स्टूल चाचपून ओढलं आणि बसले. बर्नर वर्षानं बंद केला. “तुले कवापासून ठाव हाय?” “आठ दिस झाले.” “अन् कोणाले सांगतलं?” “कोणालेच नाही. कायले सांगू? तुमचं हाय थे.” मग ती हळूच म्हणाली, “मी मोजत जातो ना, काका. तुम्ही नुसते बाजूले बसा. सही तुमचीच राहू द्या. हंगाम असाच निंगून जाते.”

पोरीनं मायेनं म्हटलं होतं, आणि सोपंही होतं ते. पण नागोरावांनी मान हलवली. “नाही बाई. परवा थो साहेब माह्या खांद्यावर शाल टाकन. चुकीसाठी शाल घेऊ काय मी? अन् थे पत्र गेलं तं बाकीचे बिचारे हेच खमीर घेतीन अन् शहाण्णवची वाट पाहत बसतीन.” ते उठले, सदरा नीट केला. “चाल, मले साहेबापाशी घेऊन चाल. पायरी दिसत नाही मले थ्या ऑफिसची.” तेवढं एक खरं बोलल्यावर पुढचं सोपं झालं असावं.

इंद्रजित साहेबांना आधी समजेचना. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. रागावले नाहीत, पण ते पत्र हातात घेऊन नुसते बसले. “म्हणजे खमिराचं काही नाहीच?”

“खमीर आपलं नव्वदच देऊन राह्यलं, साहेब. वरचे सहा माह्ये होत. डोळ्यात मोतीबिंदू हाय. दिवाळीपासून.”

साहेबांनी कपाळ चोळलं. आणि मग, ज्याची नागोरावांना एवढे दिवस धास्ती होती, तोच प्रश्न त्यांनी विचारला. सहज विचारला, टोचायचं म्हणून नव्हे. “दिवाळीपासूनच कशावरून, नागोराव? आधीपासून असेल तर? मग जुन्या आकड्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा मी?”

नागोरावांनी साहेबांच्या टेबलाची कड चाचपली. आपल्या डोळ्यांची साक्ष द्यायची आणि तीही त्याच डोळ्यांनी?

“एक मिनिट, साहेब,” वर्षा म्हणाली आणि बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातांत छातीपर्यंत रचलेली रजिस्टरं होती. वरची नवी, खालची कडा झिजलेली. आठ दिवस ती जेवणाच्या सुट्टीत हेच करत होती. प्रत्येक हंगामाचा नागोरावांचा अंदाज आणि मीटरवर निघालेले खरे लिटर, दोन्ही शेजारी शेजारी तिनं कागदावर उतरवले होते. कागद तिनं साहेबांपुढं ठेवला. साहेब वाचू लागले. मधेच थांबून त्यांनी नागोरावांकडं पाहिलं, पुन्हा वाचू लागले. मग त्यांनी कागद वर्षाला परत दिला. “मोठ्यानं वाचा. त्यांना दिसत नाही ना.”

वर्षा वाचू लागली. “गेला हंगाम. काकांचा अंदाज दोनशे एकोणचाळीस, निंघाले दोनशे चाळीस. त्याच्या आधीचा. दोनशे बेचाळीस, निंघाले दोनशे बेचाळीस. त्याच्या आधीचा, दोनशे छत्तीस, निंघाले दोनशे सदतीस...” एकेक हंगाम मागं जात होता. एका वर्षी कारखाना निम्म्यातच बंद पडला होता. त्या वर्षी एकाच लिटरचा फरक. एका वर्षी पावसाचं पाणी शिरून मळी बिघडली होती. त्या वर्षी दोन लिटरचा, आणि तो सगळ्यांत मोठा. साहेबांनी उठून पंखा बंद केला, म्हणजे आवाज नीट यावा. नागोराव खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

दहाव्या हंगामाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

“थांब, बाई. पुढचं नोको वाचू.”

“काहून, काका? अजून अकरा हायेत.”

“राहू दे तसेच,” नागोराव म्हणाले. “मी यवतमाळले जाऊन डोळे करून येतो. मंग मीच वाचतो.”