बा आउट झाला तेव्हाचा आवाज

एक आवाज गेल्या उन्हाळ्यापासून माझ्या कानातून जात नाही. कोणीतरी माणूस ‘फाऽऽ’ असं ओरडतो आणि ओरडता ओरडता त्याचा गळा फाटतो. एवढंच. तो माणूस कोण, कुठला, कशाला ओरडला, मला माहीत नाही. मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंमध्ये कोणी घसरून पडलं, कोणाची भाकरी करपली की शेवटी हा आवाज लावतात आणि लोक हसतात. हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीतल्या मुलांची बादली सांडली तरी ती तोंडाने तो आवाज काढतात.

मला तो वाजवायचं काम मिळालं होतं. खापर गावाजवळच्या एका शेतात उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा होतात आणि एक दादा त्या आपल्या चॅनेलवर लाइव्ह दाखवतो. त्याच्या टेम्पोत ताडपत्रीखाली लॅपटॉप असायचा. समोर माइक घेऊन तो कॉमेंट्री करायचा आणि मी शेजारी बसून बटणं दाबायचो. चौकार गेला की ढोल, षटकार गेला की डीजे, आणि कोणीही आउट झालं की फाऽऽ. शनिवार-रविवारी मी नंदुरबारहून यायचो. परीक्षा जवळ होती म्हणून पुस्तक मांडीवर ठेवायचो, पण वाचून काही होत नसे. एक डोळा खेळपट्टीवर ठेवावा लागायचा. संध्याकाळी ताडपत्री गुंडाळताना डोकं इतकं जड झालेलं असायचं की कोणी हाक मारली तरी मला पटकन कळायचं नाही.

त्या रविवारी आमच्या पाड्याची टीम होती. आमचा पाडा वर डोंगरात आहे. टीममध्ये सगळी माझ्या वयाची मुलं, आणि एक माझा बा. बा दिवाळीनंतर गुजरातमध्ये ऊसतोडीला जातो आणि होळीला परततो. बॅट त्याला धड धरता येत नाही. पण लहानपणापासून शेतात गोफण चालवून त्याचा हात असा झाला आहे की सीमारेषेवरून फेकलेला बॉल सरळ स्टंपवर येतो. म्हणून मुलं त्याला घेतात आणि फलंदाजीला शेवटून दुसरा ठेवतात. छोट्या मॅचमध्ये शेवटच्यांची पाळी सहसा येतच नाही.

पहिल्यांदा आमची फिल्डिंग होती. बाने लांबून एक बॉल फेकला आणि समोरच्या टीमचा कॅप्टन रनआउट झाला. मी फाऽऽ वाजवला. धावणाऱ्याचं हसं झालं. फेकणारा कोण होता, ते कोणी विचारलं नाही. कॅमेरा स्टंपवर होता, बा त्यात कुठेच नव्हता.

नंतर आमची मुलं एकामागून एक आउट होत गेली. प्रत्येकाला मी वाजवला. मग बा बॅट घेऊन निघाला. पायात माझे जुने बूट होते. ते त्याला थोडे मोठे होतात.

दादाला तो माझा बा आहे हे माहीत नव्हतं. तो माइकमध्ये अहिराणीत म्हणाला, “काका उनात मैदानमा, आते दखा मजा.” म्हणजे काका मैदानात आले, आता बघा मजा.

पहिल्याच बॉलवर बाचा मधला स्टंप उडाला.

माझं बोट बटणावर होतं, पण ते खाली गेलं नाही. मला वाटलं, एवढ्या लोकांनी बाला हसू नये. ऊसतोडीत मुकादम त्याला काय काय बोलतो ते मी ऐकलं आहे. आता त्यात आपणही भर कशाला टाकायची. मी असा सगळा विचार केला असेल का, खात्री नाही. बोट थांबलं, एवढं नक्की.

दादाने माइकवर हात ठेवला. “दाब ना भो. झोपी गया का?”

“लॅपटॉप लटकला,” मी म्हणालो.

पुढचा मुलगा आला आणि त्याचाही लगेच त्रिफळा उडाला. या वेळी बोटाने माझी वाट पाहिली नाही. फाऽऽ. बा तेव्हा नुकताच सीमारेषेपाशी पोचला होता. तो थांबला, त्याने टेम्पोकडे वळून पाहिलं आणि पुन्हा चालू लागला.

संध्याकाळी आम्ही एकाच जीपने वर गेलो. मला झोप येत होती, किंवा मी तसं दाखवत होतो.

घरी आम्ही पावरी बोलतो, इथे मराठीत लिहितो आहे. ‘या’ने, म्हणजे आईने, पाणी दिलं आणि विचारलं, “बाच्या वेळेला तुझा आवाज का आला नाही?”

“माझा आवाज?”

“ते ओरडतं ना, ते.” तिने सांगितलं की पाड्यातल्या बाया रेंज मिळते त्या टेकडीवर एका मोबाइलभोवती बसल्या होत्या. दर वेळी फाऽऽ झालं की ती सांगायची, हा माझा पोरगा, तो तिथे आहे. “तू कधी दिसत नाहीस. बा दिसला, म्हटलं आता दोघं एकत्र येतील. आम्ही थांबलो होतो.”

बा बूट काढत होता. वर न बघता म्हणाला, “मी तुझा बा आहे हे त्या लोकांसमोर सांगायला नको वाटलं असेल. चालायचं.”

“तसं नाही, बा. लोक हसले असते.”

“हसले असते. शून्यावर गेलो होतो ना.”

“म्हणूनच नाही वाजवला.”

“आपल्या सगळ्या पोरांना वाजवलास. मला काय जावई समजलास?”

आई हसली. बा हसला नाही. भाकरी खाऊन मी झोपलो.

आमची टीम हरली होती, त्यामुळे पुन्हा पाळी येणार नव्हती. मॅचचे छोटे व्हिडिओ कापायचं कामही माझ्याकडेच होतं. त्या आठवड्यात हॉस्टेलवर मी बा बोल्ड झालेला तुकडा काढला आणि स्टंप उडतो तिथे तो आवाज लावला. कंटाळा इतका होता की हेडफोन न घालताच जुळवला. शेजारच्या खाटेवरचा मुलगा म्हणाला, “बंद कर रे, डोकं दुखतं.” माझंही दुखत होतं. व्हिडिओ पाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकाच्या मोबाइलवर पाठवून दिला.

दोन दिवसांनी त्याच मोबाइलवरून बाचा फोन आला. टेकडीवर वारा असतो, नीट ऐकू येत नव्हतं.

“पाहिला,” तो म्हणाला. “बूट लईच मोठे दिसतात.”

“हो.”

“तुझी आई परत परत लावते.” मग म्हणाला, “मी फेकून मारला होता, कॅप्टनला. तो पण लाव.”

“त्यात तू दिसत नाहीस, बा. नुसता बॉल येतो.”

“तू तरी कुठे दिसतोस?” तो म्हणाला.

फोन ठेवून मी पुन्हा लॅपटॉप उघडला आणि तो रनआउट शोधायला लागलो.