आठ फोटो, सोळा कान

ते प्रकरण इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेले नाही. देशाची दारे नुकतीच उघडली होती. हैदराबादेत आबिड्सच्या बाजारात जिकडेतिकडे परदेशी पाठवणाऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या आणि जो तो पासपोर्टच्या मागे धावत होता. मी तेव्हा तिथल्याच एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो.

एका सकाळी हजेरी चालू असताना मलकपेठच्या एका तालमीचे म्हातारे उस्ताद आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"साब, मेरा पठ्ठा बाहर के मुलुक कू कुश्ती लड़ने जारा. उसके संगात और सात पहलवान जारे बोलते. मैं चालीस साल से मिट्टी में हूँ, एक की भी सूरत नै देखा."

हा पठ्ठा म्हणजे बाजारात पोती उचलणाऱ्या एका मराठी हमालाचा बावीस वर्षांचा मुलगा. मल्ल अस्सल. त्याची स्पर्धा नऊ दिवसांवर आली होती.

या आठांना पाठवणाऱ्या आबिड्सच्या एजंटाला मी कागदांसह बोलावले. गडी टाय लावून आला. कागद चोख होते. आयोजकांचे आमंत्रण, संघाची यादी, आठ पासपोर्ट आणि त्यांवर पंधरा दिवसांचा व्हिसा. तोही फक्त स्पर्धेपुरता. तिथे काम करायचे नाही, मुदतीनंतर राहायचे नाही. मी पासपोर्ट उघडून टेबलावर ओळीने मांडले. फोटोत दोन्ही कान दिसत होते, हे फार बरे झाले. सोळांपैकी चौदा कान नव्या कपाच्या कानासारखे शाबूत. मोडलेले दोनच, उस्तादांच्या पठ्ठ्याचे.

आमचे घराणे जुन्या निजामी मुलखातले शेतकरी. वडील हैदराबादेत नारायणगुड्याला येऊन राहिले आणि त्यांनी मला तालमीत घातले. कुस्तीत घासून, चेंगरून कान सुजतो आणि तसाच घट्ट होतो. माझा डावा कान आजही तसाच आहे.

"कान नै टूटा तो जुर्म हो गया क्या साब?" एजंट हसत म्हणाला.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. नवख्या मल्लांचे कान धड असतातच. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सात जणांना दोन सरकारी पंचांसमोर तालमीत नेले आणि एवढेच म्हणालो, "उतरा मातीत." मल्ल पायताण दाराबाहेर काढतो, वाकून माती कपाळाला लावतो आणि मगच हौद्यात पाय ठेवतो. त्यांतला पहिला सरळ बूट घालून उतरला! उस्तादांनी अशी आरोळी ठोकली की तो जागीच मटकन बसला.

ठाण्यात आल्यावर त्यानेच सगळे ओकले. सातांत कुणी शिंपी होता, कुणी हॉटेलातला वाढपी. तिकडे विमानतळावरून एक माणूस त्यांना नेणार होता आणि पासपोर्ट काढून घेऊन कुठल्या तरी स्वयंपाकघरात जुंपणार होता. परत येणे ठरलेलेच नव्हते. व्हिसाच्या मुलाखतीत पुढे उभा करायला एक खरा पहिलवान हवा होता, म्हणून या पोराला घेतले होते. त्याला यातले काही ठाऊक नव्हते.

एजंट कोठडीत गेला. पण आठही पासपोर्ट मुद्देमाल म्हणून जप्त झाले, त्यात पोराचाही. तो माझ्यासमोर उभा राहिला. "साहेब, माझं काय चुकलं? सहा वर्षं याच्यासाठीच घाम गाळला मी."

वरिष्ठ म्हणाले, "भानगडीत पडू नका. पोरगा तिकडेच राहिला तर जाब तुम्हाला द्यावा लागेल."

माझे डोके फिरले. चोर सापडला म्हणून सावाला घरी बसवायचे, हा कुठला न्याय? मी हट्टालाच पेटलो. पोराला साक्षीदार केले. त्याच्या एकट्याच्या नावाचे आमंत्रण फॅक्सने मागवले. वकिलातीला लेखी कळवून त्याचा व्हिसा कायम ठेवून घेतला. कोर्टात अर्ज देऊन पासपोर्ट सुपूर्दनाम्यावर सोडवला. अट अशी की परतताच ठाण्यात येऊन तो जमा करायचा. जामीनदार म्हणून सही कोण करणार? मीच केली.

पोरगा गेला. खोटे कशाला बोलू, पंधरा दिवस मला अन्न गोड लागले नाही. बायको म्हणाली, "एवढा भरवसा होता, तर सारखं कॅलेंडर काय बघताय?"

पंधराव्या दिवशी दुपारी तो बेगमपेठ विमानतळावरून थेट ठाण्यात आला. खांद्यावर बॅग, कपाळाला पट्टी.

"दुसऱ्याच फेरीत हरलो, साहेब. तिथं एकजण रोज मागं लागला होता, राहा म्हणून. काम देतो म्हणाला."

"मग?"

"मग काय? कागदावर तुमची सही होती ना." त्याने पासपोर्ट टेबलावर ठेवला. "मुद्देमाल जमा करून घ्या."

मी पावती लिहायला घेतली, पण अक्षरे धड दिसेनात.

संशय घेणे हे आमचे कामच, ते मी आयुष्यभर केले. पण कुणावर विश्वास ठेवायचा असेल तर तोही लेखी आणि स्वतःच्या नावाने ठेवावा, हे मला त्या पोरामुळे कळले. नोकरीत मी हजारो सह्या केल्या. अभिमान वाटतो तो त्या एका सहीचा.